ऱ्हासाच्या दप्तराची फेरतपासणी

युरोपच्या इतिहासाची जी पुस्तके आपल्याकडे महाविद्यालयांतून वाचली जातात, त्यांत इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासून आठव्या शतकापर्यंतच्या कालखंडाची वासलात बहुधा दहापंधरा पानांत लावलेली आढळते. अलीकडे सीझर आणि ऑगस्टस यांचे वैभव, पलीकडे शार्लमेन आणि पुढे उभी राहिलेली उत्तुंग कॅथीड्रले. आणि मधली ही पाच शतके म्हणजे जणू एखाद्या थोर घराण्याचे दिवाळे वाजल्यावर उरलेल्या जिनसांचा लिलाव. इ. स. ४७६ मध्ये ओडोअकर या सेनानीने रोम्युलस ऑगस्टुलस नावाच्या पोरवयाच्या बादशहाला पदच्युत केले आणि पश्चिमेकडील रोमन साम्राज्य संपले, एवढे सांगून लेखक पुढच्या प्रकरणाकडे वळतो. या समजुतीमागे एका असामान्य लेखकाचे वजन आहे. एडवर्ड गिबन यांनी १७७६ ते १७८८ या बारा वर्षांत सहा खंड प्रसिद्ध करून या शतकांविषयीचा निकाल इतक्या डौलदार गद्यात दिला, की त्यावर अपील करण्याचे धैर्य पुढे पावणेदोनशे वर्षे फार थोड्यांना झाले.

अपिले झाली नाहीत असे नाही. व्हिएन्नातील कलेतिहासकार आलोइस रीगल यांनी १९०१ साली उत्तर-रोमन कलाकुसरीवर ग्रंथ लिहून, त्या काळच्या शिल्पांत दिसणारा पालट हा कारागिरांचा हात बिघडल्यामुळे झालेला नसून समाजाची सौंदर्यदृष्टीच निराळी झाल्यामुळे झाला आहे, असे प्रतिपादन केले. फ्रान्समध्ये आंरी-इरेने मारू यांनी १९३८ साली संत ऑगस्टिन आणि प्राचीन संस्कृतीचा अंत या विषयावर प्रबंध लिहिला, त्यात त्या काळच्या विद्येला ऱ्हासाचे लक्षण ठरविले आणि १९४९ साली त्याच प्रबंधाला पुरवणी जोडून आपला तो निर्णय मागे घेतला. परंतु ही सर्व तज्ज्ञांची आपापसांतील बोलणी होती. सामान्य सुशिक्षित वाचकाच्या मनातील कालपटच बदलून टाकण्याचे, आणि ‘उत्तर प्राचीन काळ’ या नावाने आज विद्यापीठांतून शिकविल्या जाणाऱ्या एका स्वतंत्र शाखेला आकार देण्याचे श्रेय ज्या एका माणसाकडे प्रामुख्याने जाते, ते पीटर ब्राउन हे आयरिश गृहस्थ. त्यांचा अध्यापकीय जीवनक्रम हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे. अध्यापकाच्या आयुष्यात सांगण्याजोगे काय असते, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. नेमणुका, बदल्या, ग्रंथ, पारितोषिके यांची जंत्री कोणत्याही अहवालात मिळते. ब्राउन यांच्या बाबतीत लक्ष वेधून घेते ती निराळी गोष्ट: दुसऱ्याने दिलेला निकाल फिरविण्याइतकीच उत्सुकता त्यांनी स्वतःचे निकाल पुन्हा तपासण्याबाबतही दाखविली.

ब्राउन यांचा जन्म २६ जुलै १९३५ रोजी डब्लिन येथे एका प्रोटेस्टंट कुटुंबात झाला. वडील सुदानमध्ये रेल्वेच्या नोकरीत इंजिनिअर होते आणि मुलाच्या बालपणाचा काही भाग त्या उष्ण देशात गेला. आयर्लंडमध्ये ब्रिटिश अंमल संपून फार वर्षे लोटली नव्हती. ज्या प्रोटेस्टंट वर्गाने तेथे पिढ्यान्‌पिढ्या वर्चस्व भोगले, तो आता कॅथलिक बहुसंख्येच्या राष्ट्रात एक लहानसा, जुन्या दिवसांच्या आठवणींत वावरणारा समाज होऊन राहिला होता. राजवट गेली तरी माणसे आपापल्या घरी राहतात, देवळात जातात, मुलांची लग्ने करतात आणि नव्या धन्याशी जुळवून घेतात, हे सत्य अशा घरातील मुलाला ग्रंथांतून शिकावे लागले नसावे. पाचव्या शतकातील गॉल वा इटलीमधील रोमन सरदारांविषयी ब्राउन पुढे जे काही लिहीत, त्यात वाताहतीच्या वर्णनापेक्षा या जुळवून घेण्याच्या प्रक्रियेकडे त्यांचा ओढा अधिक दिसतो. त्याचे मूळ या बालपणात शोधावे असे निदान मला तरी वाटते.

श्रूजबरी येथील शाळा संपवून १९५३ साली ते ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात आले. त्यांनी घेतलेला विषय ‘आधुनिक इतिहास’ हा होता. आणि येथे ऑक्सफर्डच्या जुन्या शिरस्त्यातील एक गंमत सांगितली पाहिजे. त्या विद्यापीठाच्या लेखी आधुनिक इतिहास डायोक्लीशन या रोमन बादशहाच्या राज्यारोहणाच्या सुमारास, म्हणजे इ. स. २८५ पासून सुरू होत असे. त्यापूर्वीचे सर्व ग्रीक आणि लॅटिन अभिजात वाङ्मयाच्या पंडितांच्या वतनात मोडत असे. परिणामी चौथ्या-पाचव्या शतकांचा प्रदेश हा दोन जहागिरींच्या सीमेवरचा, कोणाचाच बंदोबस्त नसलेला मुलूख होऊन बसला होता: अभिजातवाद्यांना त्यातील लॅटिन अशुद्ध वाटे, मध्ययुगाच्या अभ्यासकांना तो प्रास्ताविक वाटे. अशा बेवारशी मुलखात एखादा तरुण शिरला तर त्याला अडविणारे कोणी नसते आणि वाट दाखविणारेही कोणी नसते. ब्राउन शिरले.

१९५६ साली पदवी मिळताच स्पर्धापरीक्षेतून त्यांची निवड ऑल सोल्स कॉलेजच्या फेलोपदी झाली. १४३८ मध्ये स्थापन झालेले हे कॉलेज म्हणजे ऑक्सफर्डमधील एक विलक्षण संस्थानच होय. तेथे पदवीपूर्व विद्यार्थी नसतात. तरुण विद्वानाला काही वर्षांपुरती राहण्याची, जेवणाची, ग्रंथालयाची आणि वेतनाची सोय करून दिली जाते आणि त्याने काय वाचावे हे त्याच्यावर सोपविले जाते. ब्राउन यांनी रीतीप्रमाणे डॉक्टरेटच्या प्रबंधास आरंभ केला. तो प्रबंध कधीच पूर्ण झाला नाही. पुढे जगातील अनेक विद्यापीठांनी त्यांना सन्मानाच्या पदव्या दिल्या, त्यांच्या हाताखाली कित्येक विद्यार्थी डॉक्टर झाले. स्वतः मात्र त्यांनी ती पदवी मिळविली नाही. आपल्याकडील आजच्या नियमावलीखाली त्यांनी प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज केला असता, तर तो छाननीच्या टेबलावरच बाद झाला असता. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते, की ज्या व्यवस्थेत विद्वत्तेचा दाखला विद्वत्तेच्या आधी मागितला जातो, तेथे सीमेवरच्या मुलखात शिरण्याचे साहस कोणी करीत नाही.

प्रबंधाच्या निमित्ताने एक लाभ मात्र झाला. त्यांना मार्गदर्शक म्हणून आर्नाल्दो मोमिल्यानो लाभले. १९०८ मध्ये पीडमाँटमधील एका ज्यू कुटुंबात जन्मलेले मोमिल्यानो ऐन उमेदीत तुरिनच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले होते. इटलीतील १९३८ च्या वांशिक कायद्यांनी त्यांचे पद हिरावून घेतले, ते इंग्लंडला आले, त्यांचे आईवडील नाझींच्या छळछावणीत मारले गेले. १९५१ पासून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक होते. प्राचीन इतिहासलेखनाचा इतका विस्तृत व्यासंग असलेला दुसरा माणूस त्या पिढीत क्वचितच सापडेल. आधाराशिवाय वाक्य लिहू नये आणि आधार केवळ इंग्रजीत मिळेल अशा भ्रमात राहू नये, हे दोन धडे त्यांच्या सहवासात ब्राउन यांना मिळाले. रोमच्या उमराव घराण्यांनी ख्रिस्ती धर्म कसकसा स्वीकारला, यावरचा ब्राउन यांचा निबंध १९६१ साली प्रसिद्ध झाला. ती घराणी एखाद्या युद्धात हरली नव्हती, त्यांच्या स्त्रिया, त्यांचे विवाहसंबंध आणि त्यांची अभिरुची यांच्या वाटेने हा धर्म हळूहळू घरात आला होता, असे त्या निबंधाचे सार आहे.

मग १९६७ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी संत ऑगस्टिनचे चरित्र प्रसिद्ध केले. ऑगस्टिन हा आजच्या अल्जीरियातील तागास्त या गावी ३५४ मध्ये जन्मलेला, वक्तृत्वाचा शिक्षक म्हणून कार्थेज, रोम आणि मिलान अशी चढती कमान गाठलेला, तेथे धर्मांतर करून मायदेशी परतलेला आणि मग हिप्पो या बंदराच्या गावी पस्तीसएक वर्षे बिशपपद सांभाळून, शहराला व्हँडल टोळ्यांचा वेढा पडलेला असताना ४३० मध्ये वारलेला पुरुष. त्याच्यावर शतकानुशतके लिहिले गेले होते. परंतु लिहिणारे बहुतेक धर्मशास्त्री, आणि त्यांचा ऑगस्टिन म्हणजे सिद्धांतांची मालिका. ब्राउन यांनी त्याला एका गावात, एका उन्हात, एका विशिष्ट श्रोतृवर्गासमोर उभे केले. तरुणपणी परिपूर्णतेच्या स्वप्नाने भारलेला हा माणूस मध्यमवयात मनुष्यस्वभावाच्या दुबळेपणाविषयी इतका निराश का झाला, पंथभेद मोडण्यासाठी राजदंडाचा उपयोग करण्यास तो अखेर का तयार झाला, हे त्यांनी त्याच्या लेखनाचा कालानुक्रम लावून दाखविले. चरित्रनायकाविषयी आदर बाळगून त्याच्या अंगचे काठिण्य न लपविणे हे चरित्रलेखनातील अवघड कसब होय, आणि बत्तिशीतल्या लेखकाने ते साधले म्हणून या ग्रंथाची कीर्ती झाली.

पण खरे वळण १९७१ साली आले. त्या एका वर्षात ब्राउन यांच्या दोन कृती प्रसिद्ध झाल्या. पहिली म्हणजे उत्तर प्राचीन जगावरचे, दोनशेच्या आसपास पानांचे, चित्रांनी भरलेले, सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेले पुस्तक. मार्कस ऑरीलियसपासून मुहंमद पैगंबरांपर्यंत, म्हणजे सुमारे इ. स. १५० ते ७५० अशी त्याची व्याप्ती. या मर्यादा लक्षात घेण्याजोग्या आहेत. ४७६ हे साल त्यात मध्येच कोठेतरी पडते. आणि रोम नगरीऐवजी वाचकाची दृष्टी कॉन्स्टँटिनोपल, अँटिऑक, अलेक्झांड्रिया आणि इराणी राजधानी टेसिफॉन यांच्यावर खिळते. इराणचे सासानी साम्राज्य, जे आजवर रोमच्या सरहद्दीवरचा उपद्रव म्हणून दोन ओळींत उल्लेखिले जाई, ते येथे बरोबरीचे पात्र होऊन रंगमंचावर येते, आणि इस्लामचा उदय हा बाहेरून कोसळलेला प्रलय न राहता त्याच जगाच्या अंतर्गत घडामोडींची परिणती ठरतो.

दुसरी कृती बावीस पानांचा एक निबंध, उत्तर प्राचीन काळातील साधुपुरुषांचा उदय आणि त्यांचे समाजातील कार्य या विषयावर. मला विचाराल तर ब्राउन यांची सारी प्रतिभा एका ठिकाणी पाहायची असेल तर ती या निबंधात पाहावी. सीरियाच्या उत्तरेस, आलेप्पो शहराच्या वायव्येकडील चुनखडीच्या डोंगराळ भागात, सिमिऑन नावाचा एक तपस्वी दगडी खांबावर उभा राहून तप करीत असे. खांबाची उंची तो वेळोवेळी वाढवीत गेला आणि ४५९ मध्ये त्यावरच त्याने देह ठेवला. सायरसचा बिशप थिओडोरेट याने त्याला प्रत्यक्ष पाहून त्याची हकीकत लिहिली आहे. तीत एक प्रेक्षक सिमिऑनची नमने मोजावयास बसला आणि १२४४ पर्यंत मोजून थकला, असा उल्लेख येतो. गिबनसारख्या बुद्धिवाद्याला हा सगळा वेडाचा प्रकार वाटला यात नवल नाही. ब्राउन यांनी निराळा प्रश्न विचारला: हा मनुष्य खांबावर उभा असताना खाली जमलेले लोक त्याच्याकडे काय मागत होते?

उत्तर थिओडोरेटच्याच ग्रंथात होते, फक्त तेथे कोणी त्या दृष्टीने पाहिले नव्हते. दुपार टळल्यावर सिमिऑन लोकांची गाऱ्हाणी ऐके आणि तंट्यांचा निवाडा करी. त्याच ग्रंथात अब्राहम नावाच्या दुसऱ्या एका साधूची कथा आहे. लेबनॉनच्या डोंगरातील एका गावात तो अक्रोडांचा व्यापारी म्हणून शिरला. गावकऱ्यांनी प्रथम त्याला हुसकून लावण्याचा प्रयत्न केला. तेवढ्यात साऱ्याची वसुली करणारे सरकारी लोक आले आणि त्यांनी गावकऱ्यांना मारहाण सुरू केली. अब्राहम मध्ये पडला, एमेसा शहरातील आपल्या परिचितांकडून शंभर सुवर्णनाणी कर्जाऊ आणून त्याने गावाचा भरणा केला. गावकरी चकित झाले आणि म्हणाले, तूच आमचा वाली हो. त्याने अट घातली, देऊळ बांधा.

या कथेतील ‘वाली’ हा ब्राउन यांच्या विवेचनाचा आस आहे. तेलाच्या व्यापाराने सधन झालेली ही सीरियातील खेडी. पण त्यांचे जुने जमीनदार शहरांत जाऊन राहिलेले, आणि साम्राज्याचा महसूल विभाग मात्र गावाच्या वेशीत हजर. सरकारदरबारी शब्द टाकणारा, सावकाराशी बोलणी करणारा, भाऊबंदकी मिटविणारा कोणी तरी हवा, आणि तो गावातील कोणत्याही तटाचा नको. घर, शेत, बायको, नातेगोते यांपैकी काहीही नसलेला तपस्वी या कामास जितका योग्य तितका दुसरा कोण? त्याचे वैराग्य हीच त्याच्या निःपक्षपातीपणाची सनद होती. देहदंडनाचा जो प्रकार विवेकी युरोपीयाला विकृत वाटत होता, त्याच्या बुडाशी खेड्याच्या कारभाराची इतकी व्यवहारी गरज असावी, हे वाचताना भारतीय वाचकाला तितकासा धक्का बसत नाही. साधूच्या शब्दाला पाटलाच्या शब्दापेक्षा अधिक मान असलेली गावे आपण पाहिली आहेत. इंग्रज पंडितांच्या जगात मात्र या निबंधाने खळबळ उडविली.

ही दृष्टी ब्राउन यांना इतिहासाच्या ग्रंथांतून मिळाली नव्हती. सुदानमधील अझांडे लोकांच्या चेटूकविषयक समजुतींचा अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ एव्हन्स-प्रिचर्ड हे ऑल सोल्समध्येच होते; लंडनच्या मेरी डग्लस यांच्या लेखनाचाही ब्राउन यांच्यावर प्रभाव पडला. श्रद्धा खरी की खोटी हा वाद बाजूला ठेवून ती श्रद्धा त्या समाजात कोणते काम करते हे पाहण्याची या शास्त्राची रीत त्यांनी उचलली. आज इतिहासाचे विद्यार्थी हे सहजपणे करतात, म्हणून त्यातील नवलाई आपल्याला जाणवत नाही.

क्षितिज पूर्वेकडे सरकले तसा भाषांचाही पसारा वाढत गेला. लॅटिन आणि ग्रीक हे पितृधन. त्यांत हिब्रू, सिरियाक, फारसी अशी भर पडत गेली, १९७० च्या दशकाच्या मध्यास इराणचे प्रवास झाले, आणि निवृत्तीच्या वयातही त्यांनी इथिओपियाच्या प्राचीन धर्मभाषेचा, गीझचा अभ्यास केला. या रुंदावलेल्या नकाशात महाराष्ट्राचा किनाराही दूरवर का होईना पण दिसू लागतो. सहाव्या शतकाच्या मध्यास अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने लिहिलेल्या भूवर्णनात ‘कॅलियाना’ या बंदराचा निर्देश असून तेथील बिशपची नेमणूक इराणातून होत असे, असे तो सांगतो. हे बंदर म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. गिबनच्या पटावर या बिशपला उभे राहावयास जागा नव्हती. टेसिफॉन हे ज्या जगाचे एक केंद्र आहे, त्यात तो अगदी स्वाभाविकपणे बसतो.

आता नेमणुकांचा हिशेब थोडक्यात देतो. १९७५ पर्यंत ऑक्सफर्ड; मग लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजात आधुनिक इतिहासाचे प्राध्यापक; १९७८ मध्ये अमेरिकेत बर्कली येथे; १९८६ पासून प्रिन्स्टन, जेथून ते २०११ साली निवृत्त झाले. १९८२ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, २०११ मध्ये बाल्झान पारितोषिक. कॅलिफोर्नियातून अभिजात वारशाच्या स्थित्यंतरावरची जी ग्रंथमाला १९८१ पासून निघू लागली, तिचे ते प्रमुख संपादक होते. तिच्यामुळे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांमुळे, एका माणसाचा छंद वाटणारा विषय पाहता पाहता नियतकालिके, परिषदा आणि अध्यासने असलेली विद्याशाखा होऊन गेला. बर्कलीच्या वास्तव्यात फ्रेंच तत्त्ववेत्ते मिशेल फूको यांच्याशी त्यांचा परिचय झाला. कामवासना आणि आत्मसंयम यांच्या प्राचीन इतिहासात दोघांनाही त्या वेळी रस होता. फूको १९८४ मध्ये वारले. ब्राउन यांचा ब्रह्मचर्य आणि देह यांवरचा मोठा ग्रंथ १९८८ साली आला. त्याच्या आरंभी ते वाचकापुढे एक रोखठोक गणित मांडतात: ज्या समाजाचे सरासरी आयुर्मान पंचविशीही गाठत नव्हते, त्यात लोकसंख्या नुसती टिकविण्यासाठी प्रत्येक स्त्रीला सरासरी पाच मुले व्हावी लागत. अशा जगात एखाद्या मुलीने अविवाहित राहण्याचे व्रत घेणे म्हणजे नगराच्या अस्तित्वाशीच असहकार पुकारणे होते. ब्रह्मचर्याच्या अवजड विषयाला असा दरवाजा फोडणारा दुसरा लेखक माझ्या पाहण्यात नाही.

इतके यश मिळाल्यावर उलट तपासणी व्हावयाचीच. ती झाली, आणि ती रास्त होती. १९९९ साली इटालियन इतिहासकार आंद्रेआ जार्दिना यांनी या नव्या शाखेच्या फुगत चाललेल्या विस्तारावर टीका केली. २००५ साली ऑक्सफर्डचे ब्रायन वॉर्ड-पर्किन्स यांनी एक लहानसे, टोकदार पुस्तक लिहून विचारले, की सर्वत्र स्थित्यंतर आणि नवनिर्मिती दिसत असेल तर उत्खननांत सापडणारी भांडी का बिघडली? रोमन अमलात साध्या शेतकऱ्याच्या घरावर कौले होती, ती का गेली? नाणी का दिसेनाशी झाली, गुरे आकाराने का लहान झाली? ब्राउन यांच्या १९७१ च्या पुस्तकात विचार, भावना, श्रद्धा, कला यांचे रंग आहेत. फौजा, करवसुली, उपासमार यांचे आवाज क्षीण आहेत. पूर्वेकडे तोंड करून उभा राहणारा लेखक पश्चिमेकडील जळक्या घरांकडे पाठ करतोच. ब्रिटन बेटावर पाचव्या शतकात राहणाऱ्या माणसाला ‘स्थित्यंतर’ हा शब्द ऐकवला असता, तर त्याने काय उत्तर दिले असते याची कल्पना करणे कठीण नाही. गिबनचा निकाल संपूर्ण रद्द झाला असे जे समजतात, त्यांनी वॉर्ड-पर्किन्स अवश्य वाचावेत.

स्वतः ब्राउन यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. साधूंवरच्या निबंधाला त्यांनी १९८३ मध्ये, १९९५ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये स्वतःच हात घातला. गावाचा मध्यस्थ या एकाच भूमिकेवर आपण अतिरिक्त भार टाकला, तो साधू भोवतालच्या श्रद्धाळूंना आदर्श म्हणूनही दिसत होता, आणि त्याच्या कथा लिहिणाऱ्यांचे स्वतःचे हेतू आपण पुरेसे तपासले नाहीत, अशी कबुली त्यांनी दिली. ऑगस्टिनच्या बाबतीत तर दैवानेच फेरतपासणीची संधी दिली. ऑस्ट्रियाचे विद्वान योहानेस दिव्याक यांना त्याची सुमारे तीस अज्ञात पत्रे सापडली, ती १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९० साली फ्रेंच संशोधक फ्रान्स्वा दोल्बो यांना जर्मनीत माइन्त्सच्या ग्रंथालयातील एका हस्तलिखितात त्याची सव्वीस प्रवचने पूर्ण वा विस्तृत स्वरूपात मिळाली. पंधराशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाची इतकी सामग्री एकाएकी हाती यावी, ही इतिहासकाराच्या आयुष्यातील दुर्मीळ पर्वणी. पण ज्याने चरित्र लिहून मोकळे होऊन नाव मिळविले आहे, त्याच्या दृष्टीने ती पंचाईतही असते.

या पत्रांत वृद्ध ऑगस्टिन हिप्पोच्या धक्क्यावरची हकीकत सांगतो. गलेशियातून आलेले गुलामांचे व्यापारी आफ्रिकेच्या खेड्यांतून स्वतंत्र माणसे पळवून जहाजांत भरीत होते. बिशप स्वतः गावी नसताना त्याच्या मंडळीतील लोकांनी धाडस करून सुमारे १२० जणांची सुटका केली, आणि आता कायदा कोणता लागू पडतो, वजनदार व्यापाऱ्यांना आवर कोण घालणार, या विवंचनेत म्हातारा पत्रावर पत्रे लिहीत आहे. प्रवचनांत कार्थेजचा एक प्रसंग येतो: गर्दी आरडाओरडा करते, ऑगस्टिन प्रवचन न करता आपल्या आसनावर परत जाऊन बसतो, आणि दुसऱ्या दिवशी आज्ञापालनावर बोलतो. १९६७ च्या चरित्रातील ऑगस्टिन उत्तरायुष्यात अधिकाराने कठोर होत गेलेला होता. येथे दिसणाऱ्या बिशपचे म्हणणे त्याचे स्वतःचे गावकरीही पुरते ऐकत नाहीत. त्याला समजूत घालावी लागते, वाद घालावा लागतो, माघार घ्यावी लागते. २००० साली चरित्राची नवी आवृत्ती काढताना ब्राउन यांनी जुन्या मजकुराची डागडुजी करून उणीव झाकली नाही. मूळ ग्रंथ तसाच ठेवला आणि शेवटी दोन दीर्घ प्रकरणे जोडली. त्यांत तरुण लेखकाने, म्हणजे स्वतः त्यांनीच, म्हाताऱ्या बिशपवर कोठे अन्याय केला हे सांगितले. चरित्रनायकाने आयुष्याच्या अखेरीस, ४२६-२७ च्या सुमारास, आपल्याच त्र्याण्णव ग्रंथांची झडती घेणारा एक ग्रंथ लिहिला होता. चरित्रकाराने तोच कित्ता गिरविला.

टीकाकारांच्या भांड्या-कौलांना त्यांनी दिलेले उत्तर अधिक लांबचे होते. २०१२ साली, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, त्यांनी पश्चिम युरोपातील संपत्ती आणि ख्रिस्ती मंडळी यांच्या संबंधावर, ३५० ते ५५० या दोनशे वर्षांचा सुमारे आठशे पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. हा ग्रंथ पैशाचा आहे: सुवर्णनाणी, सारा, वारसाहक्क, दानपत्रे. त्याच्या आरंभी ट्युनिशियातील मक्तार येथील एक शिलालेख येतो. गरीब, बिनशेतीच्या घरात जन्मलेला एक मजूर बारा हंगाम उन्हात दुसऱ्यांची पिके कापतो, मग अकरा वर्षे कापणीवाल्यांच्या टोळ्यांचा मुकादम होतो, पैसा जोडतो, घर बांधतो आणि अखेर ज्या नगरसभेने त्याच्या जातीला दारात उभे केले नसते तिचा सभासद होऊन बसतो. सम्राट आणि सरदार यांच्या वरच्या मजल्याखाली अशा मध्यम लोकांचा केवढा मोठा थर होता, आणि चर्चची तिजोरी आरंभी कोट्यधीशांच्या देणग्यांपेक्षा याच लोकांच्या लहान लहान वर्गण्यांनी कशी भरली, हा त्या ग्रंथाचा गाभा. चर्च खऱ्या अर्थाने धनाढ्य झाले ते पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, जेव्हा जुने सरदार बुडाले आणि त्यांच्या तुलनेत बिशपच मोठा जमीनदार उरला; ही मीमांसा त्यांनी इतक्या पुराव्यानिशी केली, की ऱ्हास झाला हे मान्य करूनही त्यातून काय उभे राहिले हे सांगता येते, एवढे त्यांच्या टीकाकारांनाही कबूल करावे लागावे. १९७१ च्या पुस्तकात जे दालन बंद राहिले होते, ते एकेचाळीस वर्षांनी उघडले गेले.

भारतीय वाचकाच्या ओळखीचा एक प्रसंग या जीवनक्रमात येतो. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयातर्फे मानव्यविद्यांसाठी दिले जाणारे क्लूगे पारितोषिक २००८ साली दोघांना विभागून देण्यात आले: पीटर ब्राउन आणि प्राचीन भारताच्या इतिहासकार रोमिला थापर. थापर यांनी लंडनमध्ये ए. एल. बॅशम यांच्या मार्गदर्शनाखाली १९५८ साली डॉक्टरेट मिळविली होती आणि अशोकावरच्या त्या प्रबंधाने आपल्या लेखनाचा पाया घातला होता. ब्राउन यांच्यापाशी दाखविण्याजोगा प्रबंध नव्हता. एकीने वसाहतकाळात ठरून गेलेले भारतीय इतिहासाचे कालखंड मोडून पाहिले, दुसऱ्याने गिबनच्या काळात ठरून गेलेले युरोपचे. पारितोषिकाची दहा लाख डॉलरची रक्कम दोघांत सारखी वाटली गेली. श्रीमंत माणसाने आपल्या धनाचे काय करावे, याविषयी चौथ्या-पाचव्या शतकातील बिशपांनी दिलेल्या परस्परविरोधी सल्ल्यांवरचा ब्राउन यांचा ग्रंथ तेव्हा अजून प्रसिद्ध व्हावयाचा होता.